मायनर की कॉर्टिना: कोणत्या गाडीची ब्रोशरं जमवावीत?

"मामा, घर लहान आहे, पैसे मोजके आहेत, एकाच गाडीची ब्रोशरं जमवीन म्हणतो. मॉरिस मायनर धरू की फोर्ड कॉर्टिना?" नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या भाच्याने गेल्या महिन्यात फोनवर हे विचारलं. मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो, आणि नंतर रात्री उशिरापर्यंत वाटत राहिलं की एवढ्या घाईने सांगायची ही गोष्ट नव्हती. मी स्वतः या दोन्ही वाटांवरून चाललो आहे. लंडनच्या पूर्व टोकाला असलेल्या रॉमफर्डला अकरा वर्षं राहिलो, त्यातली पहिली चार मायनरची ब्रोशरं गोळा करण्यात गेली आणि पुढची सगळी कॉर्टिनाची. भाच्यासारखा आणखी कोणी या उंबरठ्यावर उभा असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. इंजिनांचे अश्वशक्तीचे आकडे, लांबी-रुंदी वगैरे इथे देत नाही. ते कुठेही मिळतात.

आधी मायनर. मराठी माणसाला मॉरिस परकी वाटत नाही. हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर 'बेबी हिंदुस्थान' या नावाने आपल्याकडे बांधली होती, आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेली ॲम्बेसेडर तर उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती. पुण्यात आमच्या वाड्यासमोर एका डॉक्टरांची ॲम्बेसेडर उभी असायची. दुपारी तिच्या सावलीत आम्ही गोट्या खेळायचो. ब्यूलीच्या ऑटोजम्बलमध्ये, म्हणजे हॅम्पशरमध्ये सप्टेंबरात भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या सामानाच्या मोठ्या बाजारात, मायनरचं पहिलं ब्रोशर हातात आलं तेव्हा त्या बॉनेटच्या फुगीर गोलाईकडे बघून मला वाड्याचं दार आठवलं. असं नातं घेऊन कोणी या छंदात उतरत असेल तर त्याने मायनरच घ्यावी, असं मला तेव्हा वाटायचं. आजही ते पूर्ण चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

शिवाय मायनरची जन्मकथा फार गोड आहे. युद्ध चालू असताना ॲलेक इसिगोनिस आणि त्यांचे दोन सहकारी, जॅक डॅनियल्स आणि रेग जॉब, यांनी काउलीच्या कारखान्यात 'मॉस्किटो' या टोपणनावाने ही गाडी आखली. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसना ती अरुंद वाटली. त्यांनी ती उभी मधोमध कापायला लावली, दोन भाग सरकवून बघितले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मधून जाणारी सपाट पट्टी ही त्या चार इंचांची खूण आहे. बंपर आधीच बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत तेही मधे कापून वर तुकडा जोडलेला दिसतो. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी मुळीच पसंत नव्हती. पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाले. १९४८ च्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्टच्या मोटार प्रदर्शनात ती आली आणि १९६० च्या डिसेंबरात दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

तिची ब्रोशरं हाताने काढलेल्या चित्रांची. विशेषतः पन्नाशीच्या दशकातली. गाडीखालचा रस्ता ओला असल्यासारखा चमकतो, मागे चर्च किंवा गवताची टेकडी, दार उघडून उतरणारी टोपीवाली बाई. रंगांत एक मऊपणा आहे जो छायाचित्राला येत नाही. ट्रॅव्हलरची, म्हणजे मागच्या अंगाला ॲश लाकडाची चौकट असलेल्या गाडीची, ब्रोशरं तर मी भिंतीवर लावावीत अशा दर्जाची मानतो. चित्र म्हणून निवड करायची झाली तर मायनर जिंकते, आणि बरीच पुढे जिंकते.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळच्या चित्रकारांना गाडी मोठी दाखवायची सवय होती. छप्पर जरा खाली, बॉनेट जरा लांब, आणि आत बसलेली माणसं नेहमीच्या माणसांपेक्षा बारीक. एका ओळखीच्या गृहस्थांच्या मायनरमध्ये मी मागच्या सीटवर बसून नॉरफकपर्यंत गेलो आहे. आम्ही मागे तिघं होतो. ब्रोशरमध्ये त्याच सीटवर आई, दोन मुलं आणि एक सहलीची टोपली आरामात बसलेली आहे. आम्हाला दीड तास गुडघे तिरके करून बसावं लागलं. मला याचा राग आला नाही, चित्राकडून चित्राचीच अपेक्षा करावी. पण ब्रोशरवरून त्या काळचं घर कसं जगत होतं हे वाचायचं असेल तर या चित्रावर भिस्त ठेवता येत नाही, एवढं खरं.

मला मायनरपासून दूर नेलं ते मात्र या चित्रांनी नाही. नेलं ते तारखेने.

मायनरच्या ब्रोशरवर बहुतेक वेळा तारीख नसते. निदान माझ्या हातात आलेल्यांवर नव्हती. एक छपाई क्रमांक असतो, पण त्यावरून वर्ष कळत नाही. मग तुम्ही गाडीकडे बघून वर्ष ठरवायला जाता, आणि तिथे खरी अडचण सुरू होते, कारण गाडी बदलतच नाही. सुरुवातीचं सोपं आहे. हेडलाइट खाली जाळीत असतील तर अगदी पहिल्या काळातली; ते वर मडगार्डवर आले की नंतरची. पुढची काच मधे दुभागलेली असेल तर १९५६ च्या आधीची. त्या वर्षी मायनर १००० आली, काच अखंड झाली. इथपर्यंत कोणीही सांगेल. पुढे १९७१ पर्यंत पंधरा वर्षं तोच चेहरा. १९६१ मध्ये दाराच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे सिग्नलचे हात गेले आणि लुकलुकणारे दिवे आले. १९६२ मध्ये इंजिन ९४८ वरून १०९८ सीसीचं झालं. १९६३ मध्ये पुढचे छोटे दिवे मोठे झाले, १९६४ मध्ये आतलं स्टिअरिंग आणि सीटची सजावट बदलली. त्यानंतर सांगण्यासारखं जवळजवळ काही नाही.

आता हे सगळं चित्रात शोधा. एकदा मला एकाने '१९५९' म्हणून एक घडीचं पत्रक विकलं. घरी आणून भिंगाखाली धरलं. मधल्या खांबावर सिग्नलच्या हाताची उभी खाच दिसली तर १९६१ पूर्वीचं, नाही दिसली तर नंतरचं, असा माझा हिशोब. चित्रकाराने त्या खांबावर उन्हाची एक सुरेख चमक काढली होती आणि खाच काढलीच नव्हती. ती गाडीवर नव्हती म्हणून, की चमक महत्त्वाची म्हणून, हे कसं ठरवायचं? पुढच्या दिव्यावरून कळेना, कारण १९६१ चे सिग्नल पुढे पांढऱ्याच दिव्यात होते. शेवटी रंगांची यादी काढून बसलो: स्मोक ग्रे, आल्मंड ग्रीन, ट्रॅफल्गार ब्लू. रंगांवरून तीन-चार वर्षांचा पट्टा मिळाला, वर्ष मिळालं नाही.

त्या हिवाळ्यात मी तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून तीन वेगवेगळ्या वर्षांची म्हणून तीन पत्रकं घेतली होती. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली. दोन तंतोतंत एकच निघाली. तिसऱ्यात मजकुराचा एक परिच्छेद वेगळा, चित्रं तीच. विक्रेत्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही ठाऊक नसणार. पण संच जमवणाऱ्या माणसाला आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे कळायला हवं. चार वर्षांनंतरही मायनरच्या बाबतीत मला ते सांगता येत नव्हतं. ही एक गोष्ट माझ्या मनात इतकी खुपत राहिली की चित्रांचा गोडवा तिच्यापुढे कमी पडला.

आता कॉर्टिना. रॉमफर्डहून डॅगनम फार लांब नाही, आणि डॅगनमचा फोर्डचा कारखाना म्हणजे कॉर्टिनाचं माहेर. आमच्या शेजारचे आजोबा तिथे आयुष्यभर काम करून निवृत्त झाले होते. माझ्या टेबलावरचा मायनरचा पसारा बघून एक दिवस ते त्यांच्या माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत कॉर्टिनाची पाच ब्रोशरं. मी गाड्यांकडे न बघता आधी पाठची पानं उलटली. पाचपैकी चारांवर तळाशी बारीक अक्षरांत क्रमांक आणि महिना-वर्ष छापलेलं. पाचवं कोणत्या वर्षाचं हे मला पंधरा सेकंदांत कळलं, कारण मुखपृष्ठावर 'कॉन्सुल कॉर्टिना' असं लिहिलं होतं.

१९६२ च्या सप्टेंबरात आली तेव्हा गाडीचं नाव तेच होतं, आणि बॉनेटवरही कॉन्सुलची अक्षरं होती. इटलीतल्या कॉर्टिना द'अँपेझो या, १९५६ चे हिवाळी ऑलिंपिक झालेल्या गावावरून पुढचं नाव आलेलं. १९६४ च्या सुधारणेत कॉन्सुल गळलं, जाळी रुंद झाली, आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर जायच्या जाळ्या आल्या. काचा बंद ठेवूनही आतली हवा खेळती राहावी अशी ती व्यवस्था. फोर्डने तिला एअरोफ्लो म्हटलं आणि ब्रोशरांत तिच्यावर बरीच जागा खर्च केली. थंडीत काचेवर वाफ धरून गाडी चालवलेल्या माणसाला ती जागा वाया गेली असं वाटणार नाही. मागे तीन भागांत विभागलेला गोल दिवा असेल तर पहिली पिढी. १९६६ च्या ऑक्टोबरात रॉय हेन्स यांनी आखलेली चौकोनी दुसरी पिढी. १९७० मध्ये कमरेत वळलेली तिसरी. १९७६ मध्ये सरळ रेषांची चौथी, जी जर्मनीतल्या फोर्डच्या टाउनस गाडीची जवळजवळ जुळी बहीण. १९७९ मध्ये पाचवी, आणि १९८२ च्या जुलैत शेवट. वीस वर्षांत पाच चेहरे, आणि प्रत्येकात मधेमधे वर्षागणिक फरक. ब्रोशर समोर आलं की ते कुठे ठेवायचं याचा पेच पडत नाही. छायाचित्रांतल्या गाड्यांना कधी कधी नंबरप्लेटही असते, आणि १९६३ पासून ब्रिटनमध्ये नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर यायला लागलं, त्यामुळे तोही एक धागा हाती लागतो.

जाहिरातीतली अतिशयोक्ती इथेही आहे, तिला मी झाकत नाही. दुसरी पिढी आली तेव्हा घोषवाक्य होतं की नवी कॉर्टिना म्हणजे आणखी कॉर्टिना. प्रत्यक्षात ती आधीच्यापेक्षा लांबीला तसूभर कमीच होती. रुंदी मात्र अडीच इंच वाढली होती आणि बाजू बाहेरून वळवल्या होत्या, त्यामुळे आत खरोखर जागा झाली. म्हणजे वाढवून सांगितलेल्या गोष्टीखाली तपासता येईल असं काहीतरी होतं. मला हे पटतं.

पण कॉर्टिनाची ब्रोशरं वाचताना माझा खरा जीव रमतो तो तक्त्यात. शेवटच्या दोन पानांवर उभ्या रकान्यांत मॉडेलं आणि आडव्या ओळींत एकेक वस्तू: घड्याळ, सिगारेट लायटर, मागच्या सीटचा हात टेकायचा दांडा, गालिचा की रबराची चटई. तिसऱ्या पिढीत साधी, एल, एक्सएल, जीटी, जीएक्सएल अशी शिडी होती. ब्रिटनमध्ये तेव्हा नोकरीबरोबर गाडी द्यायची पद्धत पसरत होती, आणि कोणाला कोणती कॉर्टिना मिळते यावरून ऑफिसातला हुद्दा कळायचा. फिरतीवरच्या विक्रेत्याला एल, त्याच्या साहेबाला जीएक्सएल. शेजारचे आजोबा सांगायचे की त्यांच्या गल्लीत रविवारी गाड्या धुताना लोक मागच्या अक्षरांकडे आधी बघायचे. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच चालतं, म्हणून मला ते सांगावं लागलं नाही. दुसऱ्या पिढीतल्या १६००ई मधलं ई म्हणजे एक्झिक्युटिव्ह. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि लोटस कंपनीबरोबर काढलेल्या वेगवान लोटस कॉर्टिनासारखं, गाडी जमिनीलगत बसवणारं सस्पेन्शन. ते एक अक्षर मिळवण्यासाठी माणसं किती वर्षं राबली असतील याचा विचार त्या पानावर हमखास येतो. १९७२ ते १९८१ या दहा वर्षांत १९७६ सोडून दर वर्षी हीच गाडी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपली. म्हणजे तो तक्ता अक्षरशः एका देशाच्या मध्यमवर्गाचा तक्ता आहे.

मायनरच्या ब्रोशरांत हा भाग असतो, पण दोन दारं, चार दारं आणि साधी की डिलक्स एवढ्यावर आटोपतो. गाडी साधी होती, तिचा तो गुणच होता.

कॉर्टिनाचे तोटेही सांगतो. पहिला, किंमतींची यादी. ती ब्रोशरात छापलेली नसते, सुटं पान म्हणून आत सरकवलेली असते, आणि दहापैकी नऊ वेळा हरवलेली असते. तक्त्यात 'जादा किंमत देऊन' अशी खूण असलेल्या ओळी दिसतात, पण किती जादा हे त्या सुट्या पानावर. ब्रोशर घेताना विक्रेत्याला आधी हेच विचारा. यादी आत असेल तर मी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतो.

दुसरा, नकला. १६००ई आणि लोटसच्या ब्रोशरांना मागणी फार, म्हणून त्यांच्या नव्याने छापलेल्या प्रती फिरतात. पुन्हा छापलेल्यात बारीक अक्षरांच्या कडा भिंगाखाली फुटलेल्या दिसतात, आणि पिना चकचकीत असतात. खऱ्या जुन्या पिनेभोवती कागदावर गंजाचा थोडा तरी डाग असतोच.

तिसरा तोटा मला महागात पडला. सत्तरच्या दशकातली ब्रोशरं गुळगुळीत आर्ट पेपरवर आहेत. ठाण्याला परत आल्यावर पहिल्या जुलैत मी खोका कपाटाच्या तळाशी ठेवला, भिंतीला लागून. ऑगस्टमध्ये उघडला तेव्हा तिसऱ्या पिढीच्या दोन ब्रोशरांची आतली पानं एकमेकांना चिकटली होती. सोडवताना जीएक्सएलच्या डॅशबोर्डचं चित्र समोरच्या पानावर गेलं. मायनरची खरखरीत कागदाची पत्रकं त्याच खोक्यात होती, त्यांना नुसता वास लागला. तेव्हा ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला हा मुद्दा फार जड वाटणार नाही, पण पुढेमागे मुंबई-कोकणात परतायचं असेल तर प्रत्येक पानात पातळ आम्लविरहित कागद घाला, खोका जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दोनदा बदला. मी आता असं करतो. त्यानंतर तीन पावसाळे गेले, एक पान चिकटलेलं नाही.

आणि चौथा, चौथ्या-पाचव्या पिढीची ब्रोशरं दिसायला सपाट आहेत. करड्या पार्श्वभूमीवर करडी गाडी. ती मी संचासाठी ठेवली आहेत, बघायला काढत नाही. अपवाद शेवटच्या वर्षातल्या क्रुसेडरच्या पत्रकाचा. निरोपाची गाडी म्हणून ते हातात घेतलं की जरा थांबायला होतं.

आता भाच्याला काय सांगू? ज्याला चित्रं भिंतीवर लावायची आहेत, चार-पाच सुंदर नमुने पुरेसे आहेत, त्याने खुशाल मायनर घ्यावी. त्याला वर्षाचा प्रश्न पडणारच नाही, आणि ॲम्बेसेडरच्या नात्याचा आनंद वेगळाच. पण तू संच म्हणतो आहेस. संच करायचा असेल तर मी कॉर्टिनाकडे झुकेन, आणि तिच्यातही दुसऱ्या पिढीपासून सुरुवात करीन: १९६६ ते १९७०, चारच वर्षं, छायाचित्रं चांगली, प्रती अजून मिळतात. ती चार वर्षं भरली की मागे १९६२ कडे जा आणि मग पुढे. माझ्या अनुभवात शिरायला हे सगळ्यात सोपं दार आहे. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

माझ्या यादीत आज तीन जागा रिकाम्या आहेत. त्यातली एक १९६६ च्या ऑक्टोबरातल्या किंमतींच्या सुट्या पानाची. ब्यूलीला जाशील तेव्हा ते एवढं बघ. आणि माझी ती दोन तंतोतंत सारखी मायनरची पत्रकं आहेत ना, त्यातलं एक तुझ्या आईबरोबर पाठवतो आहे. ट्रॅव्हलरचं मात्र मागू नकोस, ते माझ्या टेबलासमोर फ्रेम करून लावलेलं आहे.